किंमत श्रोत्याने ठरवावी: सोलापूरच्या भजनी मंडळांना आणि बँडना स्वतःची गाणी विकण्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात गाणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वारकरी भजनी मंडळे आहेत, कन्नड वचने गाणारे आहेत, पूर्व भागात तेलुगू भजने म्हणणारे गट आहेत, कव्वाली गाणारे आहेत आणि महाविद्यालयांतून नव्याने उभे राहिलेले बँडही आहेत. यांपैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत आपली गाणी नीट ध्वनिमुद्रित करून घेतली आहेत. अडचण त्यापुढची आहे. सीडी वाजवायला आता बहुतेक घरांत यंत्रच उरलेले नाही, आणि स्ट्रीमिंगवर गाणे चढवले तरी काही शे श्रोत्यांच्या ऐकण्यातून कलाकाराच्या हाती जे पडते त्यात पेटीचे सूर दुरुस्त करून घेण्याचा खर्चही निघत नाही.

अशा लहान पण आपुलकीच्या श्रोतृवर्गासाठी एक मार्ग चांगला चालतो. गाणी डाउनलोड करण्यासाठी खुली ठेवायची आणि किती रक्कम द्यायची ते श्रोत्यावर सोडायचे. हे काम वाटते तितके सोपे नाही, कारण रक्कम मोकळी सोडली की मागण्याची जबाबदारीही संपली असा अनेकांचा समज होतो आणि तिथेच ही योजना फसते. ध्वनिमुद्रणापासून हिशेबापर्यंत काय, कोणत्या क्रमाने आणि का करावे, ते पुढे मांडले आहे.

ही पद्धत चालते ती कशामुळे

जगभर या पद्धतीची चर्चा झाली ती २००७ मध्ये. रेडिओहेड या ब्रिटिश बँडने १० ऑक्टोबर २००७ रोजी ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावरून डाउनलोडसाठी खुला केला आणि किंमत श्रोत्यांनी भरावी असे सांगितले. शून्य भरले तरी चालत होते. मात्र त्याच वेळी ४० पौंड किमतीची एक खास पेटीबंद आवृत्तीही विक्रीस होती, डाउनलोडची ही सोय डिसेंबरपर्यंतच होती, आणि नंतर दुकानांत आलेली सीडी ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. पुढच्याच वर्षी नाइन इंच नेल्स या अमेरिकी बँडने आपल्या वाद्यसंगीताचा पहिला भाग विनामूल्य, सर्व भाग ५ डॉलरला आणि २,५०० प्रतींची मर्यादित आवृत्ती ३०० डॉलरला अशी रचना केली, आणि ती महागडी आवृत्ती संपूर्ण विकली गेली. हे दोन्ही बँड आधीपासून जगप्रसिद्ध होते, त्यामुळे त्यांच्या रकमांशी आपली तुलना करण्यात अर्थ नाही. घेण्यासारखी गोष्ट त्यांच्या रचनेत आहे: मोकळ्या किमतीच्या शेजारी नेहमी एखादी निश्चित किमतीची वस्तू होती, आणि देणाऱ्याला हवे तितके वर जाण्याची वाट मोकळी होती.

आपल्याकडे तर हा व्यवहार नवा नाहीच. कीर्तन संपल्यावर आरतीचे ताट फिरते, त्यात ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे टाकायचे असते. शाहिरीच्या फडात देणाऱ्याचे नाव आणि बक्षिसाची रक्कम ध्वनिक्षेपकावरून पुकारली जाते. मात्र त्या दोन्ही ठिकाणी शेजारी बसलेला माणूस पाहत असतो, कलाकार समोर उभा असतो आणि ताट आपल्यापर्यंत चालत येते. मोबाइलवर यांपैकी काहीच नसते. रात्री अकरा वाजता एकट्याने गाणे डाउनलोड करणाऱ्या श्रोत्याला कोणी पाहत नाही, आणि किती द्यावे याचा अंदाज द्यायलाही कोणी शेजारी नसतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना ही उणीव प्रामाणिकपणे कशी भरून काढायची याबद्दलच्या आहेत.

आधी हक्क तपासा

पैसे घेऊन गाणे देणे म्हणजे व्यापारी वापर. श्रोत्याने शून्य रुपये भरले तरी हक्कांचा प्रश्न सुटत नाही. म्हणून अल्बममधल्या प्रत्येक गाण्याबाबत तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे.

भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही ६० वर्षे मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजतात. ज्ञानोबा, तुकोबा, मंगळवेढ्याचे चोखोबा, अरणचे सावता महाराज यांच्या अभंगांचे शब्द अर्थातच सर्वांचे आहेत. सोलापूरचे पेशवेकालीन शाहीर राम जोशी यांच्या लावण्याही मोकळ्या आहेत. परंतु बार्शीचे शाहीर अमर शेख यांचे निधन १९६९ मध्ये झाले, म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेल्या शब्दांवरील हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत चालू राहतो, आणि तोपर्यंत वारसांची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली कन्नड वचने मोकळी आहेत, पण एखाद्या आजच्या लेखकाने केलेला त्यांचा मराठी अनुवाद गायचा असेल तर तो अनुवाद त्या लेखकाचा आहे.

भजनी मंडळांची खरी चूक चालीच्या बाबतीत होते. अभंग तुकोबांचा आहे म्हणून तो कसाही गाऊन विकता येतो, असे गृहीत धरले जाते. फडावर पिढ्यानपिढ्या चालत आलेली वारकरी चाल असेल तर प्रश्न नाही, पण कॅसेटवर किंवा चित्रपटात गाजलेली चाल एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते आणि तिच्यावर त्याचा किंवा ध्वनिमुद्रण कंपनीचा हक्क असतो. कायद्याच्या कलम ३१ क मध्ये जुने गाणे पुन्हा गाऊन विकण्यासाठी वैधानिक परवान्याची तरतूद आहे, मात्र त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणाला पाच कॅलेंडर वर्षे उलटून गेलेली असावी लागतात आणि किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) आगाऊ भरावे लागते. लहान मंडळाला हे परवडत नाही. त्यामुळे माझा आग्रह असा की पहिल्या अल्बममध्ये केवळ पारंपरिक चाली आणि आपल्या मंडळाने स्वतः बांधलेल्या चालीच घ्याव्यात. त्यात मंडळाची ओळखही अधिक ठसठशीत होते.

ध्वनिमुद्रणाची मालकी कायद्यानुसार ‘निर्माता’ म्हणजे त्या ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती किंवा संस्था यांच्याकडे असते. स्टुडिओवाल्याने पैसे घेऊन काम केले असेल आणि खर्च मंडळाने केला असेल, तर निर्माता मंडळ आहे, असे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मिक्सिंगआधीच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र करण्याआधीच्या सुट्या ट्रॅकच्या फाइल्सही त्याच वेळी ताब्यात घ्याव्यात, कारण दोन वर्षांनी त्या सापडतीलच याची खात्री नसते. पखवाजवादक, पेटीवादक आणि मुख्य टाळकरी यांच्याकडूनही लेखी संमती घ्यावी. कवीकडून किंवा संगीतकाराकडून हक्क घेताना मुदत आणि प्रदेश यांचा उल्लेख विसरू नये. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरतो. डाउनलोड जगात कुठूनही होणार आहे, तेव्हा ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द कागदावर हवेतच.

फाइल कशी असावी

ज्या श्रोत्याने स्वखुशीने पैसे दिले त्याला मिळालेली फाइल यूट्यूबवरच्या आवाजापेक्षा सरस असली पाहिजे. म्हणून मूळ मास्टर, म्हणजे अंतिम ध्वनिमुद्रण, २४ बिट वेव्ह स्वरूपात जपून ठेवावा आणि श्रोत्यांना दोन पर्याय द्यावेत: ३२० केबीपीएसची एमपीथ्री आणि ज्यांना पूर्ण दर्जा हवा त्यांच्यासाठी फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणारे स्वरूप. पाच मिनिटांचे गाणे ३२० केबीपीएसला सुमारे १२ एमबी होते, सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये सुमारे ५३ एमबी होते, आणि फ्लॅक साधारणपणे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. आठ गाण्यांचा एमपीथ्री संच शंभर एमबीच्या आसपास राहतो, तो मोबाइलच्या डेटावरही उतरवता येतो.

ध्वनिमुद्रणाबद्दल एकच स्थानिक सूचना करतो. अशोक चौकापासून अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंतच्या पट्ट्यात घरातच ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी यंत्रमाग बंद असतानाची वेळ साधावी. मागांची घरघर कमी वारंवारतेची असते, ती नेमकी पखवाजाच्या धुम्यात, म्हणजे खर्जाच्या बाजूच्या आवाजात मिसळते, आणि नंतर संगणकावर ती काढायला गेले की धुम्याचा भरदारपणाही तिच्याबरोबर निघून जातो.

प्रत्येक फाइलमध्ये गाण्याचे नाव, मंडळाचे नाव, अल्बमचे नाव, वर्ष, क्रमांक आणि मुखपृष्ठ भरावे. एमपीथ्रीटॅग हे विनामूल्य सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. आतली माहिती देवनागरीत ठेवावी, पण फाइलचे नाव मात्र रोमन लिपीत आणि क्रमांकाने सुरू होणारे ठेवावे, कारण गाडीतल्या अनेक जुन्या टेपना देवनागरी नावे दाखवता येत नाहीत आणि तिथे गाणी चौकोनांच्या रांगेसारखी दिसतात. मुखपृष्ठ चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. संचाच्या झिप फाइलबरोबर सुटी गाणीही उतरवता येतील अशी सोय ठेवावी, कारण झिप उघडणे ज्येष्ठ श्रोत्यांना जमतेच असे नाही.

पैसे कोणत्या वाटेने घ्यावेत

तीन वाटा आहेत. कोणती निवडायची हे दोन गोष्टींवर ठरते: श्रोते कुठे आहेत, आणि किमान रक्कम ठेवायची की नाही.

पहिली वाट यूपीआयची. २०१६ पासून चालू झालेल्या या व्यवस्थेत क्यूआर कोडमध्ये रक्कम न भरता तो छापला, तर रक्कम देणाराच भरतो. म्हणजे किंमत श्रोत्याने ठरवण्याची सोय आपल्या हातातल्या फोनमध्ये आधीपासूनच आहे, आणि साध्या बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर घेणाऱ्याला शुल्क पडत नाही. ५१ रुपये आले की ५१ रुपयेच खात्यात पडतात. छोट्या रकमांच्या या व्यवहारात याहून मोठा फायदा नाही.

या वाटेने जाणारे बहुतेक जण एक अनावश्यक पायरी घालतात. आधी पैसे पाठवा, मग स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप करा, मग आम्ही लिंक पाठवू, असे ते सांगतात. शून्य रुपये चालणार असतील तर ही तपासणी कशासाठी? तिच्यामुळे देऊ इच्छिणारा श्रोता अर्ध्या वाटेवरून परत फिरतो, मंडळातल्या एकाला दिवसभर फोनवर बसावे लागते, आणि पाठवलेला स्क्रीनशॉट खरा की खोटा हा संशय उगाच मध्ये येतो. त्याऐवजी इंटरनेटवरच्या एकाच पानावर वर गाणी, त्याच्या लगेच खाली यूपीआय आयडी आणि क्यूआर कोड ठेवावा. श्रोत्याने आधी उतरवून घ्यावे किंवा आधी द्यावे, हे त्याच्यावर सोडावे. फाइल्स गूगल ड्राइव्हवर ठेवल्या तरी सुरुवातीला चालतात, तिथे १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल अशी परवानगी दिली आहे ना, हे दुसऱ्याच्या फोनवरून तपासून घ्यावे.

यूपीआय आयडी वैयक्तिक मोबाइल क्रमांकाचा नसावा. ॲपमध्ये मंडळाच्या नावाचा वेगळा आयडी बनवता येतो. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही आणि कोणाचा कोड स्कॅन करावा लागत नाही, ही गोष्ट आयडी सांभाळणाऱ्या सदस्याला स्पष्ट सांगून ठेवावी, कारण ‘तुम्हाला पाच हजारांचे बक्षीस पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असे फोन कलाकारांनाही येतात.

दुसरी वाट पेमेंट गेटवेची, म्हणजे संकेतस्थळावर आपल्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची. किमान रक्कम ठेवायची असेल, पैसे भरल्यावरच फाइल मिळावी असे वाटत असेल किंवा कार्डानेही पैसे घ्यायचे असतील, तर रेझरपेसारख्या सेवेतून स्वतःचे पेमेंट पेज तयार करता येते आणि त्यात रक्कम ग्राहकाने भरावी असा पर्याय निवडता येतो. यासाठी पॅन, बँक खाते आणि केवायसी लागते. शुल्क साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०१ रुपयांतून सुमारे २ रुपये ४० पैसे. हे सोसण्यासारखे आहे.

तिसरी वाट परदेशातल्या श्रोत्यांसाठी. बँडकॅम्प हे २००८ मध्ये सुरू झालेले अमेरिकी संकेतस्थळ संगीतकारांना नेमकी हीच सोय देते: किमान किंमत तुम्ही ठरवायची, शून्यही ठेवता येते, आणि त्यावर कितीही द्यायची मुभा श्रोत्याला असते. डिजिटल विक्रीतला १५ टक्के हिस्सा ते घेते. तुम्ही वेव्ह किंवा फ्लॅक चढवली की श्रोत्याला हव्या त्या स्वरूपात ते स्वतः फाइल बनवून देते, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र तिथले पैसे पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेमार्फत येतात आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले आहेत. म्हणजे पुण्यात किंवा हैदराबादेत राहणाऱ्या सोलापूरकराला या वाटेने तुम्हाला पैसे देता येणार नाहीत, न्यू जर्सीतल्या नातेवाइकाला मात्र येतील. म्हणून बँडकॅम्प हे यूपीआयच्या जोडीला असावे, त्याच्या जागी नको. तिथे किमान रक्कम फार कमी ठेवू नये. १ डॉलरमधून बँडकॅम्पचे १५ सेंट आणि पेपालच्या टक्केवारी अधिक ठरावीक शुल्कापोटी आणखी तीसपस्तीस सेंट गेले, तर जवळजवळ निम्मे पैसे वाटेतच संपतात. ५ डॉलरमधून सुमारे पावणेचार डॉलर उरतात.

पानावर काय लिहावे आणि किती सुचवावे

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. ‘इच्छेनुसार मदत करा’ एवढेच लिहून सोडले तर श्रोता गोंधळतो. पाच रुपये दिले तर अपमान वाटेल का, पाचशे दिले तर जास्त होतील का, याचा विचार करत बसतो आणि शेवटी काहीच देत नाही. त्याला एक स्पष्ट आकडा सांगणे ही त्याची सोय आहे, त्यात भिडस्तपणा करण्याचे कारण नाही.

आपल्याकडे आहेर किंवा देणगी देताना वर एक रुपया ठेवण्याची रीत आहे. तिचाच उपयोग करून ५१, १०१, २५१ आणि ५०१ असे चार आकडे आणि त्यापुढे ‘आपल्या मनाची रक्कम’ असा रिकामा चौकोन ठेवावा. त्यांतला १०१ हा आकडा आधीच निवडलेला किंवा ठळक असावा. सर्वांत कमी आकडा ११ ठेवला तर पुष्कळ जण तोच निवडतील, कारण पहिल्या आकड्याकडे पाहूनच माणूस आपली रक्कम ठरवतो. ज्याला ११ द्यायचे आहेत तो रिकाम्या चौकोनात भरेलच.

मजकुराचा एक नमुना देतो. आकडे अर्थातच आपापल्या खर्चाप्रमाणे बदलावेत.

‘या अल्बममध्ये आठ अभंग आहेत. पाच चाली पारंपरिक असून तीन आमच्या मंडळाने बांधल्या आहेत. ध्वनिमुद्रण, मिक्सिंग आणि मुखपृष्ठ यांसाठी ३२,००० रुपये खर्च आला. आपण द्याल त्या रकमेतून आधी हा खर्च भागवला जाईल आणि त्यानंतर येणारी रक्कम सात कलाकारांमध्ये समान वाटली जाईल. आम्ही १०१ रुपये सुचवतो. आपण अधिक दिलेत तर पुढच्या अल्बमला हातभार लागेल. सध्या देणे शक्य नसेल तर संकोच न करता गाणी उतरवून घ्या आणि ऐका.’

या मजकुरातले शेवटचे वाक्य काढू नये. ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत त्या श्रोत्याची मान खाली जाऊ देणे भजनाच्या परंपरेत बसत नाही, आणि तोच श्रोता गाणे चार जणांना ऐकवतो. त्याचबरोबर खर्चाचा आकडाही काढू नये. पैसे कुठे जातात हे कळले की देणाऱ्याचा हात सैल होतो. २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात मनोरंजन उद्यानातल्या एक लाखाहून अधिक लोकांना त्यांचे छायाचित्र मनाला येईल त्या किमतीत देऊ केले होते. नुसती मोकळी किंमत असताना घेणाऱ्यांनी सरासरी एक डॉलरही दिला नाही. निम्मी रक्कम सेवाभावी कामाला जाणार असे सांगितल्यावर घेणाऱ्यांची संख्या घटली, पण सरासरी पाच डॉलरच्या वर गेली. यावरून कोणी खोट्या सेवाकार्याचे नाव जोडू नये. मंडळ खरोखर काही रक्कम एखाद्या कामाला देणार असेल तर तेवढेच आणि नेमके लिहावे.

मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल किंवा त्याला आयकर सवलतीची मान्यता मिळालेली नसेल, तर पानावर ‘देणगी’ हा शब्द वापरू नये. गाणी देऊन घेतलेली रक्कम ही विक्रीची रक्कम आहे.

मजकूर आपल्या श्रोत्यांच्या भाषेत असावा. सोलापुरात तो मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही ठेवणे अगदी साधे आहे, कारण प्रत्येक मंडळात ती भाषा घरी बोलणारा कोणीतरी असतोच.

मोकळ्या किमतीच्या शेजारी एखादी निश्चित किमतीची वस्तूही ठेवावी. पेन ड्राइव्हमध्ये भरलेला संपूर्ण अल्बम आणि सोबत शब्दांची छापील पुस्तिका, अशी जोडी भजनी श्रोत्यांमध्ये हमखास चालते, कारण अनेकांना ते अभंग स्वतः म्हणायचे असतात. तिची किंमत ठरवताना पेन ड्राइव्ह, छपाई आणि टपाल हा सगळा खर्च धरावा.

श्रोत्यांपर्यंत नेणे

कार्यक्रम संपल्यावरची दहा मिनिटे सर्वांत मोलाची. हुतात्मा स्मृती मंदिरात असो की वस्तीतल्या मंदिरात, पसायदानापूर्वी मुख्य गायकाने स्वतः दोन वाक्यांत सांगावे की ही गाणी उतरवून घेता येतात आणि १०१ रुपये सुचवले आहेत. निवेदकाने सांगण्यापेक्षा गाणाऱ्याने सांगितलेले अधिक पोहोचते.

हातात देण्यासाठी व्हिजिटिंग कार्डाएवढे कार्ड छापावे. त्यावर एकच क्यूआर कोड असावा आणि तो थेट यूपीआयचा नसून आपल्या पानाचा असावा. दोन कोड छापले की लोक पैसे देतात आणि गाणी कुठे आहेत हे विचारत बसतात. कोड किती मोठा असावा याचा साधा हिशेब असा की स्कॅन करण्याच्या अंतराच्या एक दशांश रुंदी लागते. हातातल्या कार्डावर तीन सेंटिमीटर पुरतात, पण मंडपातल्या फलकासमोर लोक तीन मीटरवर उभे राहणार असतील तर कोड तीस सेंटिमीटरचा हवा. कोडाखाली पानाचा छोटा पत्ताही छापावा. आषाढीला पंढरपुरात किंवा जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क दगा देते, तेव्हा कार्ड खिशात घालून घरी गेलेला श्रोता नंतर पत्ता टाकू शकतो.

व्हॉट्सॲपवर गाणे पाठवायचे झाल्यास संपूर्ण अल्बम न पाठवता एकच गाणे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे आणि खाली पानाची लिंक द्यावी. ते गाणे पुढे फिरणारच आहे, तर त्याच्याबरोबर पत्ताही फिरावा. म्हणूनच फाइलच्या आतल्या माहितीत, ‘कॉमेंट’ या रकान्यात, पानाचा पत्ता लिहून ठेवावा.

ज्यांनी उतरवून घेताना आपला ईमेल किंवा क्रमांक संमतीने दिला असेल, त्यांना आठ दिवसांनी एक संदेश पाठवावा. गाणे ऐकण्यापूर्वी रक्कम ठरवणे अवघड असते, ऐकून झाल्यावर अनेक जण दुसऱ्यांदा येऊन देतात. संदेश एकच असावा, तगादा नको. देणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीने पानावर द्यावीत, रकमा मात्र देऊ नयेत.

पैसे, वाटणी आणि कर

वाटणी पहिला रुपया येण्याआधी ठरवावी आणि लिहून ठेवावी. कोणत्या खर्चाची भरपाई आधी, उरलेले किती जणांत, मंडळ सोडून गेलेल्या सदस्याचे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर असली की पुढचे बरेच गैरसमज टळतात. पैसे एका सदस्याच्या वैयक्तिक खात्यात जमा होणार असतील तर कायद्याच्या नजरेत ते त्याचे उत्पन्न दिसते, त्यामुळे शक्य असेल तर दोघांच्या सहीने चालणारे स्वतंत्र खाते असावे. मंडळाची संस्था म्हणून नोंदणी झालेली असेल तर खाते संस्थेच्याच नावे काढावे.

रक्कम श्रोत्याने ठरवली म्हणून ती भेट ठरत नाही. ती उत्पन्नच आहे आणि आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते. खर्चाच्या पावत्या जपून ठेवल्या तर तो खर्च वजा करता येतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही. परदेशातून पैसे येऊ लागले की एकदा सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.

आकडे कसे वाचावेत

महिन्यातून एकदा तीन आकडे वहीत लिहावेत: किती जणांनी उतरवून घेतले, किती जणांनी पैसे दिले, आणि देणाऱ्यांपैकी मधल्या माणसाने किती दिले. सरासरीवर विसंबू नये. समजा ४० जणांनी दिले, त्यांत १५ जणांनी ५१, २४ जणांनी १०१ आणि एका जुन्या चाहत्याने ५,००१ रुपये दिले. एकूण ८,१९० होतात आणि सरासरी २०४ रुपये ७५ पैसे निघते, पण सर्व रकमा चढत्या क्रमाने मांडल्या तर मधली रक्कम १०१ आहे. सरासरीवरून २५१ सुचवायला गेलात तर नेहमीचा श्रोता बिचकेल.

बदल करायचा तर एका महिन्यात एकच करावा. सुचवलेला आकडा बदलला असेल तर मजकूर तसाच ठेवावा, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळते. पैसे न देता उतरवणाऱ्यांची संख्या मोठी असेल तर खंत करू नये, तिचा उपयोग पुढच्या कार्यक्रमाचे निमंत्रण पोहोचवण्यासाठी होतो. मात्र उतरवणारे पुष्कळ आणि देणारे जवळजवळ कोणीच नाही असे सलग काही महिने दिसले, तर आधी पान तपासावे: क्यूआर कोड मोबाइलच्या पडद्यावर पुष्कळ खाली गेला आहे का, यूपीआय आयडी कॉपी करता येतो का, सुचवलेला आकडा दिसतो का. अनेकदा दोष तिथेच सापडतो. तरीही फरक पडला नाही, तर पुढच्या अल्बमसाठी ५१ रुपये किमान ठेवून गेटवेची वाट घ्यावी आणि पहिला अल्बम आहे तसा मोकळाच ठेवावा, कारण नवा श्रोता त्याच दारातून आत येतो. पानाच्या पत्त्याचे, म्हणजे डोमेनचे, नूतनीकरण दरवर्षी वेळेवर करण्याची जबाबदारी एका सदस्यावर नावानिशी सोपवावी. छापलेली कार्डे लोकांच्या घरी पडून असतात आणि कोणी दोन वर्षांनीही ती स्कॅन करतो.